माउथपीस लावलाय का, असं विचारलंत म्हणून

नमस्कार. स्पिटफायर कंपनीच्या सिम्फॉनिक ब्रासवर, म्हणजे ट्रम्पेट-ट्रॉम्बोनसारख्या पितळी वाद्यांचे खरे सूर रेकॉर्ड करून कीबोर्डवर वाजवता येतील अशा सॅम्पल लायब्ररीवर, मी लिहिलेल्या लेखाखाली ‘एक वादक’ या नावाने आलेली प्रतिक्रिया आहे तशीच ठेवलीय, एक अक्षरही उडवलेलं नाही. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. रेकॉर्डिंगची जागा मी चुकीची लिहिली, रूमचा आवाज सॅम्पलमध्येच असल्याने ही लायब्ररी आपल्याकडच्या कामाला जड जाते, किंमत परवडत नाही, आणि शेवटी मॉड व्हीलवरून, म्हणजे कीबोर्डवरच्या सरकवायच्या चाकावरून, हे वाक्य: "मॉड व्हील वरखाली सरकवलं की ब्रास वाजला असं समजणाऱ्यांनी ब्रासवर लिहू नये, आयुष्यात कधी तोंडाला माउथपीस लावलाय का?"

आधी चूक. हो, मी ॲबी रोड स्टुडिओ लिहिलं होतं, ते साफ चुकलं. रेकॉर्डिंग झालंय एअर स्टुडिओजच्या लिंडहर्स्ट हॉलमध्ये, लंडनच्या हॅम्पस्टेडमधलं जुनं व्हिक्टोरियन चर्च आहे ते. लेखात दुरुस्त केलंय, मनापासून आभार. पण त्यापुढे "एवढंही माहीत नसेल तर बाकीचं काय विश्वासाने वाचायचं" हे जोडायची काय गरज होती? एक नाव चुकलं म्हणून तीन महिने रोज वापरून लिहिलेलं सगळं रद्दी होतं का? चूक दाखवायची पण एक रीत असते, आणि टोपणनावाआडून लिहिताना तर ती जास्त पाळावी.

रूमचं म्हणाल तर लायब्ररीत प्रत्येक माइकचा आवाज वेगळा असतो: क्लोज, म्हणजे वाद्याजवळचा माइक वर घ्या, ट्री, म्हणजे सगळ्या वादकांसमोरचे माइक खाली आणा, ॲम्बियंट, म्हणजे लांबचे माइक बंद करा, भागतं. किंमत ज्याची त्याने बघावी.

आता माउथपीस.

माझे धाकटे काका सांगलीत लग्नाच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचे. मी सातवीपासून त्यांच्याबरोबर वरातीला जायचो, आधी नुसती ट्रम्पेटची पेटी धरायला, मग दोन सीझन युफोनियम, म्हणजे खालच्या सुरांचं मोठं पितळी वाद्य, घेऊन. थंडीच्या दिवसांत वरात निघायच्या आधी काका माउथपीस मुठीत धरून गरम करायचे, कारण गार पितळ ओठाला लावलं की पहिला सूर हमखास खाली लागायचा. गाणं संपलं की पाण्याची चावी दाबून नळीतलं पाणी रस्त्यावर सोडायचं, पुढचं सुरू. लग्नसराई संपेपर्यंत त्यांच्या ओठावर गोल वळ पडलेला असायचा, रात्री तूप लावून झोपायचे. तेव्हा लावलाय सर, माउथपीस लावलाय, आणि ओठ सुजल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळच्या वरातीला परत लावलाय.

आणि लेखात मॉड व्हीलबद्दल मी जे लिहिलं ते तिथूनच आलंय. काका नवरीच्या दारात एखादी ओळ हळू वाजवायचे तेव्हा ट्रम्पेट जवळजवळ बासरीसारखा गोल लागायचा, तीच ओळ मांडवापाशी पूर्ण दमाने वाजवली की नुसती मोठी व्हायची नाही, तिला धार यायची, पितळ चिरल्यासारखी. फुंक वाढली की नळीतून जाता जाता हवेच्या लाटेचा पुढचा भाग तीव्र होत जातो आणि वरचे हार्मोनिक्स, म्हणजे मूळ सुरात मिसळलेले उंच सूर, उसळून येतात, हे मला फार नंतर वाचून कळलं, पण कानाला तेव्हाच कळलं होतं. ट्रम्पेट-ट्रॉम्बोनची नळी बरीचशी एकाच जाडीची असते म्हणून त्यांना ही धार लवकर येते, युफोनियमची नळी रुंदावत जाते म्हणून तो जोरात वाजवला तरी मऊ राहतो. मी माझा युफोनियम काकांच्या ट्रम्पेटसारखा तळपवायचा किती प्रयत्न केला होता, नाही झाला तो नाही झाला.

मग लायब्ररीत काय असतं? हळू, मध्यम, जोरात असे वेगवेगळे रेकॉर्ड केलेले थर, आणि मॉड व्हील, म्हणजे कंट्रोल नंबर एक, सीसी १, तुम्हाला एका थरातून दुसऱ्या थरात नेतं. म्हणजे आवाजाचा रंगच बदलतं. सीसी ११ फक्त आवाज कमीजास्त करतं, रंग तोच. हे दोन्ही एकच समजून लोक व्हील १२७ वर, म्हणजे पार वरच्या टोकाला, ठेवून देतात आणि मग म्हणतात लायब्ररी कर्कश आहे. सोलो ट्रम्पेटला तर दोन थरांच्या मध्ये रेंगाळलात की क्षणभर दोन माणसं वाजवतायत असं ऐकू येतं, तिथून पटकन निघून जावं लागतं. आणि फ्रेजच्या शेवटी श्वासाची जागा सोडावी लागते, नाहीतर सहा हॉर्न दम न घेता बत्तीस बार धरून बसतात, जे कुठल्याच छातीला जमणार नाही. मी एका हॉर्नच्या ओळीवर अख्खी संध्याकाळ घालवतो ती याच्यासाठी. याला तुम्ही ‘सरकवणं’ म्हणालात. मला ते लागलं, खोटं कशाला बोलू.

खऱ्या वादकांची कामं आमच्यामुळे गेली असंही एका ओळीत टाकलंयत. सी. रामचंद्रांकडे चिक चॉकलेट ट्रम्पेट वाजवायचे, गोव्याच्या त्या वादकांनी मुंबईच्या गाण्यांना जे दिलं त्याची बरोबरी कुठलीच लायब्ररी करणार नाही, हे मी त्याच लेखात लिहिलंय, तुम्ही तिथपर्यंत वाचलंच नसेल. बजेटमध्ये बसलं की मी सॅम्पलच्या वर एक खरा ट्रम्पेट चढवतोच, आणि त्या एका माणसाने सगळा सेक्शन जिवंत होतो. बसत नाही तेव्हा काय करायचं, काम सोडायचं?

तुम्ही माझी मिडी फाइल, म्हणजे कुठला सूर कधी वाजला आणि व्हील कसं हललं याची नोंद, मागितली होती, तीही ज्या सुरात मागितलीत तो सोडून देतो. रविवारी लेखाखाली लिंक टाकतो. हॉर्नचा ट्रॅक उघडा, नऊ ते चौदा बारमधला सीसी १ बघा, मग व्हील तिथेच थांबवून एकदा वाजवून ऐका. त्यानंतरही काही म्हणायचं असेल तर जरूर लिहा, फक्त या वेळी नाव लावून.