त्या ‘खऱ्या प्रश्नां’च्या पीडीएफबद्दल

‘सेल्सफोर्स ॲडमिन ७ दिवसांत, अभ्यास न करता’ हा मेसेज बरेच दिवस या ग्रुपमधून त्या ग्रुपमध्ये फिरतोय. सेल्सफोर्स म्हणजे कंपन्या आपले ग्राहक आणि विक्री सांभाळायला वापरतात ते, त्याच नावाच्या कंपनीचं सॉफ्टवेअर. ते मांडून देणारा आणि सांभाळणारा तो ॲडमिन, आणि मेसेज आहे त्याच्या सर्टिफिकेटच्या परीक्षेबद्दल. मी तो पाहून सोडून दिला होता. पण आता माझ्या भाचीने तो मला पाठवलाय, सोबत ती पीडीएफ आणि वर प्रश्न: ‘मावशी, एवढ्यात भागत असेल तर मी उगाच कशाला राबू?’ तिने परीक्षेची फी अजून भरलेली नाही, म्हणून लिहायची घाई.

ज्यांनी मेसेज पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. ॲडमिनिस्ट्रेटर परीक्षेत फिरून फिरून तेच प्रश्न येतात, तेव्हा पीडीएफमधले ‘खरे’ प्रश्न पाठ करा. सगळे हेच करतात, कुणाला कळत नाही. पेपरात ५ प्रश्न ‘खोटे’ असतात, ते ओळखून सोडून द्या. ट्रेलहेडवर, म्हणजे सेल्सफोर्सच्या स्वतःच्या शिकवणीच्या साइटवर, वेळ घालवू नका. निगेटिव्ह मार्किंग नाही. एकदा पास झालात की आयुष्यभराची सोय. आणि सर्टिफिकेट हातात आलं की नोकरी पक्की. खाली लिहिणाऱ्याचं नाव नाही, हे ओघानेच आलं.

आधी ते ५ ‘खोटे’ प्रश्न, कारण हे वाचून मला हसावं की रडावं कळेना. मूळ गोष्ट सेल्सफोर्सच्या स्वतःच्या एक्झाम गाइडमध्ये आहे: ६० प्रश्नांना गुण, १०५ मिनिटं, आणि त्याशिवाय ५ पर्यंत बिनगुणांचे प्रश्न असू शकतात. हे जास्तीचे प्रश्न पुढच्या परीक्षांसाठी तपासून पाहिले जातात, त्यांचा निकालावर परिणाम होत नाही. त्यांच्यावर कुठलीही खूण नसते. ते बाकीच्या प्रश्नांसारखेच दिसतात, कारण तसे दिसले तरच ते तपासण्याला अर्थ आहे. आता हा महाभाग सांगतो, ‘विचित्र वाटला की समजा खोटा, पुढे चला.’ परीक्षेत विचित्र कुठला प्रश्न वाटतो? ज्याचा अभ्यास झालेला नाही तो! म्हणजे जिथे डोकं लावायचं तिथूनच पळ काढा असा हा सल्ला. एक्झाम गाइड फुकट आहे, मोजकी पानं आहेत, कुठल्या भागाला किती टक्के वजन तेही त्यात लिहिलेलं असतं. हा मेसेज पुढे ढकलणाऱ्यांपैकी कितींनी ते उघडलं असेल, याचा अंदाज मला आहे.

आता मुख्य दुखणं, ती पीडीएफ.

ती ‘एकदम ताजी’ आहे असं मेसेज सांगतो. मी उघडली. ऑटोमेशनच्या, म्हणजे कामं आपोआप करून घेण्याच्या भागात उत्तरामागून उत्तर ‘वर्कफ्लो रूल बनवा’, ‘प्रोसेस बिल्डर वापरा’. ही दोन्ही जुनी साधनं. सेल्सफोर्सने विंटर २३ या रिलीजपासून नवे वर्कफ्लो रूल बनवणं बंद केलं, समर २३ पासून प्रोसेस बिल्डरमध्ये नवी प्रोसेस बनवणं बंद केलं, आणि दोन्हींचा सपोर्ट संपण्याची तारीख ३१ डिसेंबर २०२५ अशी जाहीर केली. जुने रूल जिथे आहेत तिथे चालतात, ते वाचता आले पाहिजेत, फ्लो या त्यांच्या जागी आलेल्या साधनात हलवता आले पाहिजेत, हे खरं. पण ‘नवीन काम आलंय, काय बनवाल?’ याचं उत्तर आता फ्लो हेच आहे. सेल्सफोर्सच्या वर्षाला तीन रिलीज येतात, स्प्रिंग, समर आणि विंटर. पीडीएफला रिलीज नसते. ती एकदा कुणीतरी बनवली, मग नुसतं मुखपृष्ठावरचं साल बदलत राहिलं.

पण शिळेपणा हा तिचा लहान दोष. मोठा दोष असा की उत्तरं कुणी लिहिली हे माहीत नाही, आणि जी बरोबर आहेत तीही पाठ करून कामाची नाहीत. एक नमुना देते. प्रश्न जसाच्या तसा उतरवत नाही, त्याचं कारण पुढे येईल, पण धाटणी अशी: विक्रीच्या लोकांना एकमेकांची अकाउंट्स (ग्राहकांच्या नोंदी) दिसू नयेत, त्यांच्या मॅनेजरला मात्र टीममधल्या सगळ्यांची दिसावीत, तर ॲडमिनने काय करावं? पीडीएफमधलं उत्तर: विक्रीच्या प्रोफाइलमधून अकाउंटची रीड परवानगी काढा.

हे केलंत तर दुसऱ्या दिवशी अख्खी विक्री टीम तुमच्या टेबलाभोवती उभी असेल. प्रोफाइलमधली रीड काढली की माणसाला स्वतःचंही अकाउंट दिसत नाही. प्रोफाइल आणि परमिशन सेट हे परवानग्यांचे संच, ते ठरवतात की या माणसाने अकाउंट या प्रकाराला हात लावायचा की नाही. त्यातली नेमकी कुठली रेकॉर्ड त्याला दिसणार, ते ठरतं ऑर्ग-वाइड डिफॉल्टवरून, म्हणजे एकमेकांची रेकॉर्ड मुळात किती दिसावीत या सेटिंगवरून. ते प्रायव्हेट करायचं, मग रोल हायरार्कीत (पदांच्या उतरंडीत) मॅनेजरचा रोल वर असला की त्याला खालच्यांची रेकॉर्ड दिसतात. त्यापलीकडे कुणाला दाखवायची असतील तर शेअरिंग रूल.

ठीक, मग बरोबर उत्तर पाठ करू, असं भाची म्हणेलच. कर. आता त्याच प्रश्नात ‘अकाउंट’च्या जागी कंपनीने स्वतः बनवलेलं कस्टम ऑब्जेक्ट (नोंदींचा नवा प्रकार) टाकलं, आणि ‘मॅनेजरलाही दिसू नये’ असं एक वाक्य बदललं. अकाउंटसारख्या स्टँडर्ड ऑब्जेक्टला ‘ग्रँट ॲक्सेस यूझिंग हायरार्कीज’ हा, वरच्या रोलला खालच्यांची रेकॉर्ड दाखवणारा पर्याय कायम चालूच असतो, तिथली खूण काढता येत नाही. कस्टम ऑब्जेक्टला ती काढता येते. म्हणजे एका शब्दाने उत्तर उलटलं. घोकणाऱ्याला प्रश्न ओळखीचा वाटतो, तो पाठ केलेल्या पर्यायावर खूण करतो आणि खुशीत पुढे जातो. अजिबात न वाचलेला माणूस निदान थबकतो तरी.

ही गोष्ट हाताने करून पाहिली की विसरायची सोय नाही. डेव्हलपर एडिशनची ऑर्ग (सेल्सफोर्समधली तुमची स्वतंत्र जागा) फुकट मिळते, तिची मुदत चाचणीच्या ऑर्गसारखी महिन्याभरात संपत नाही. तिच्यात सेल्सफोर्सची दोन लायसन्स असतात, एक तुमचं, दुसऱ्यावर एक युजर बनवायचा आणि त्याला स्टँडर्ड युजर प्रोफाइल द्यायचं. अकाउंटचं ऑर्ग-वाइड डिफॉल्ट प्रायव्हेट करायचं. इथे हमखास एक घोळ होतो: लोक स्वतःच्याच लॉगिनने तपासतात, सगळी अकाउंट्स तशीच दिसतात आणि सेटिंग चाललंच नाही असं वाटतं. तुम्ही सिस्टम ॲडमिनिस्ट्रेटर असता, त्या प्रोफाइलला ‘व्ह्यू ऑल डेटा’ असतो, तुम्हाला दिसणारच. म्हणून सेटअपमधून ‘ॲडमिनिस्ट्रेटर्स कॅन लॉग इन ॲज एनी युजर’ चालू करायचं आणि त्या दुसऱ्या युजरच्या नावाने आत शिरायचं. तुमची अकाउंट्स गायब. बाहेर येऊन त्याला तुमच्या वरचा रोल द्यायचा, पुन्हा आत जायचं. अकाउंट्स परत हजर. मग हाच खेळ एका कस्टम ऑब्जेक्टवर, हायरार्कीची खूण ठेवून आणि काढून. एका संध्याकाळचं काम आहे, आणि त्या पीडीएफमधल्या ॲक्सेसच्या कितीतरी प्रश्नांची मुळं याच एका खेळात आहेत.

‘सगळे हेच करतात, कुणाला कळत नाही.’ सगळे म्हणजे कोण? बाकी कळतं की नाही यावर मी वाद घालणार नाही. परीक्षेला बसण्याआधी तुम्ही सेल्सफोर्सचा एक करार मान्य करता, बहुतेक जण न वाचताच. प्रश्न गोपनीय आहेत, ते उतरवायचे, वाटायचे नाहीत, असं त्यात स्वच्छ लिहिलंय, आणि ते मोडल्यास सर्टिफिकेट काढून घेण्याचा आणि पुढच्या परीक्षांची दारं बंद करण्याचा अधिकार कंपनीने स्वतःकडे ठेवलाय. मगाशी प्रश्न जसाच्या तसा दिला नाही तो यासाठी. आणि मला सांगा, पीडीएफमधले प्रश्न खरे असतील तर तुम्ही करार मोडताय, खोटे असतील तर तुम्ही कचरा पाठ करताय. तिसरी शक्यता कुठली आहे?

सरावाच्या प्रश्नांना माझा विरोध नाही, हे इथेच सांगून टाकते. कुणीतरी स्वतः बनवलेले, प्रत्येक उत्तराखाली ‘हे का, ते का नाही’ लिहिलेले सराव प्रश्न जरूर सोडवा. लांबलचक प्रसंग वाचून त्यातली खरी मागणी हुडकायची सवय त्यानेच लागते. ‘दोन निवडा’, ‘तीन निवडा’ या सूचनेकडे दुर्लक्ष करून हातचे गुण घालवणारे लोक आहेत, त्यांनाही सराव हाच उपाय.

ट्रेलहेडवरची टीका मात्र अर्धी खरी आहे, नाइलाजाने मान्य करते. २०१४ पासून ते चालू आहे, फुकट आहे, आणि त्यावर बॅज गोळा करत सुटणं हा एक वेगळाच छंद होऊन बसलाय. क्विझमध्ये पहिल्या फटक्यात बरोबर आलं तर १०० पॉइंट, दुसऱ्यांदा ५०, मग २५, असं असूनही लोक पर्याय बदलून बदलून पुढे सरकतात, आणि बॅज मिळतोच. असे शंभर बॅज घेऊन बसलेला माणूस परीक्षेत आपटू शकतो. पण तिथेच हँड्स-ऑन चॅलेंजही आहेत. त्यात ट्रेलहेड तुमच्या प्लेग्राउंडमध्ये, म्हणजे सरावाच्या ऑर्गमध्ये, शिरून तपासतं की फील्ड (नोंदीतला रकाना) खरंच बनवलंय का, फ्लो चालू आहे का. तिथे तुक्का चालत नाही. तेव्हा क्विझवाले मॉड्यूल भराभर वाचा, हात चालवायला लावणाऱ्यांवर वेळ घाला. मेसेजवाल्याने दोन्ही एकाच टोपलीत फेकलं.

निगेटिव्ह मार्किंग नाही, हे खरं. एकही प्रश्न कोरा सोडू नका. आणि गंमत पाहा, हेच सांगणारा माणूस वर म्हणतो की ‘खोटे’ प्रश्न सोडून द्या. स्वतःचा मेसेज तरी त्याने वाचलाय का?

सात दिवसांबद्दल फार लिहीत नाही. रोज ॲडमिनचंच काम करणाऱ्याला आठवड्याची उजळणी पुरेलही. ज्याने सेटअपचं पान पहिल्यांदाच उघडलंय त्याला नाही.

आयुष्यभराची सोय, हे तर साफ खोटं. सर्टिफिकेट टिकवायला वर्षातून एकदा ट्रेलहेडवर मेंटेनन्स मॉड्यूल पुरं करावं लागतं. फुकट असतं, मोठं नसतं, नव्या रिलीजमध्ये काय बदललं त्यावर असतं. पण मुदत चुकली की सर्टिफिकेट बाद, आणि मग मूळ परीक्षा पुन्हा, फीसकट. ‘पास झालो, विसरलो’ म्हणणाऱ्यांना हे उशिरा कळतं, तेही बहुधा एखाद्या कंपनीने सेल्सफोर्सच्या व्हेरिफिकेशनच्या पानावर नाव टाकून पाहिल्यावर.

राहिली नोकरी. सर्टिफिकेटने अर्ज पुढे सरकतो, यात वाद नाही. मी स्वतः मुलाखती घेते, सर्टिफिकेट दिसलं की बायोडेटा दोन मिनिटं जास्त वाचते. त्यानंतर माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: युजरचा फोन आलाय, म्हणतोय की मला अमुक रेकॉर्ड दिसत नाही, तुम्ही कुठून सुरुवात कराल? ज्याने ऑर्गमध्ये हात घातलाय तो आधी मलाच उलट विचारतो, रेकॉर्ड दिसत नाही की त्यातलं एखादं फील्ड दिसत नाही? फील्ड असेल तर फील्ड लेव्हल सिक्युरिटी (तो रकाना कुणाला दिसावा) आणि पेज लेआउट (पानाची मांडणी). रेकॉर्ड असेल तर आधी ऑब्जेक्टची परवानगी, मग ऑर्ग-वाइड डिफॉल्ट, मालक कोण, रोल कुठला, शेअरिंग रूल आहे का. क्रम थोडा मागेपुढे झाला तरी मला चालतो. पीडीएफवाला विचारतो, ‘मॅडम, ऑप्शन्स काय आहेत?’