लिफ्टचा ठराव आणि निर्मिकाचा निसर्ग

नानांच्या सोसायटीचा लिफ्टबाबतचा ठराव तलावपाळीवर पोहोचायला दोन दिवसही लागले नाहीत, त्यामुळे रविवारी संध्याकाळी नाना कट्ट्यावर आले तेव्हा तो सर्वांना तोंडपाठ होता. घरकामाला येणाऱ्या बायकांनी जिनाच वापरावा, असा तो ठराव. आणि त्याखाली सेक्रेटरी म्हणून सही नानांची.

नाना टेकण्याआधीच बचावाला लागले. नोटीस १४ दिवस फलकावर होती, कोरम होता, हात वर करून मतदान झाले, म्हणजे नैसर्गिक न्याय पुरेपूर पाळला गेला, असे त्यांनी सांगितले. ज्यांच्याविषयी ठराव होता त्यांना सभेला बोलावले होते का, असे शोभाताईंनी विचारले, तेव्हा त्या सभासद नसल्याचे नानांनी अत्यंत निष्पाप चेहऱ्याने कळवले.

“नाना, नैसर्गिक न्याय म्हणजे दुसऱ्याचे ऐकून घेणे आणि स्वतःच्या खटल्यात स्वतःच न्यायाधीश न होणे,” वकील म्हणाले. “ताई ज्यावर येणार आहेत तो नैसर्गिक कायदा निराळा, त्यात कायद्याचा मजकूरच न्याय्य आहे का, ते तपासले जाते. माझे म्हणाल तर ठराव वाईट आहे, पण रीतसर रद्द होईपर्यंत तो ठराव आहे.” हे शेवटचे वाक्य वकील गेली वीस वर्षे केवळ विषय बदलून म्हणत आले आहेत.

प्रार्थना आटोपून थेट कट्ट्यावर आलेल्या पीटरने संत ऑगस्टीनची आठवण काढली, कारण जो न्याय्य नाही तो कायदाच वाटत नाही, असे त्यांनी लिहून ठेवले आहे. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस यांनी अशा कायद्याला कायद्याची विकृती म्हटले. मात्र गोंधळ माजणार असेल तर एखादे वेळी तो सोसावा, अशी पुस्तीही जोडली. नानांनी नेमकी पुस्तीच उचलली आणि “म्हणजे तुमचे संत माझ्या बाजूचे,” असे जाहीर केले.

वकिलांना अशा पाठिंब्याची लाज वाटली असावी, कारण ते घाईने जर्मनीकडे वळले. नाझी राजवटीचा अनुभव घेतलेले कायदेपंडित रॅडब्रुख यांनी १९४६ साली असह्य अन्याय करणाऱ्या कायद्याने न्यायापुढे माघार घ्यावी असे मांडले, त्यावर १९५८ साली इंग्लंडचे कायदेपंडित हार्ट यांनी उत्तर दिले की, ‘हा कायदा आहे, पण पाळू नये इतका दुष्ट आहे’ असे सरळ म्हणणे अधिक प्रामाणिक.

“मग २८ एप्रिल १९७६ ला तुझा प्रामाणिकपणा कुठे गेला होता?” ताई म्हणाल्या. “सर्वोच्च न्यायालयाच्या पाचांपैकी चार न्यायमूर्तींनी आणीबाणीतल्या स्थानबद्धांना कोर्टाचे दार बंद केले. पोलिसाने वैरापोटी एखाद्याला ठार मारले तर काय, असे पाचवे न्यायमूर्ती खन्नांनी विचारले, आणि सरकारपक्षाने दाद मागता येणार नाही असे सांगितले. घटनेचे कलम २१ हे जगण्याच्या हक्काचे एकमेव आगर नाही, असे लिहिणारे खन्ना एकटे, आणि पुढच्याच वर्षी त्यांना डावलून सरन्यायाधीशपद दुसऱ्याला गेले. तो निकाल पुसायला २०१७ उजाडले, आणि पुसणाऱ्यांत त्या चारांपैकी एकाचा मुलगा होता.”

मुलांचा विषय काढू नये, अशी नानांनी विनंती केली. त्यांच्या मुलाने ठरावाविरुद्ध मत दिले होते.

वकिलांचा पुढचा मुद्दा मात्र त्या संध्याकाळचा सर्वांत अवघड होता, हे मला मान्य करावे लागेल. १८६० च्या दंडसंहितेतील ३७७ व्या कलमात ‘निसर्गक्रमाविरुद्ध’ हेच शब्द होते आणि त्या शब्दांखाली समलिंगी माणसे २०१८ पर्यंत भरडली गेली. तेव्हा हा निसर्ग कुणाच्या वहीत लिहिला आहे, हे ताईंनी सांगावे.

ताईंनी कटिंगचा तळ गाठला, मगच बोलल्या. “जोतीरावांच्या वहीत बघ. त्यांचा निर्मिक, म्हणजे सृष्टी निर्माण करणारा, सर्व स्त्रीपुरुषांना सारखेच हक्क देतो, जन्मावरून कुणाला वेगळा जिना दाखवत नाही. कुणी निसर्गाचे नाव घेतले की मी एवढेच बघते, की त्याने कुणाला वर चढवले आणि कुणाला वगळले.”

“ही कसोटीही तुम्हीच ठरवली,” वकील पुटपुटले, पण त्यांचे ऐकायला कुणी उरले नव्हते, कारण नानांच्याच इमारतीत पाचव्या मजल्यावर राहणाऱ्या पीटरने सकाळी सव्वासातला मावशींसाठी आठव्या मजल्यावरून लिफ्ट खाली कोण पाठवतो, असा प्रश्न टाकला होता.

नानांनी बराच वेळ तलावातल्या होड्या पाहिल्या. “त्या जिन्याने आल्या तर पोळ्यांना उशीर होतो,” ते अखेर म्हणाले, “आणि डबा न घेता मी निघायचे कसे?”

वकिलांनी आनंदाने खिशातून पेन काढले. ठराव हा ठराव असल्यामुळे तो मोडणाऱ्या सेक्रेटरीने आज सर्वांच्या चहाचे पैसे भरावेत, असे त्यांनी सुचवले आणि सगळ्यांनी हात वर केले.

“असे कसे?” नाना उसळले. “मला नोटीस नाही, माझी बाजू कुणी ऐकलेली नाही!”

चहावाल्याने तोवर हिशेब नानांच्या हातात दिला होता.