गळका मंडप

मंडपवाल्याला ताडपत्रीचे साडेतीनशे रुपये मी परवा दिले, आणि दिल्यापासून माझा जीव त्या साडेतीनशे रुपयांत अडकून राहिला आहे. रक्कम मोठी नाही. आम्ही राहतो त्या इस्राएलमधल्या अशदोद शहरात तेवढ्या पैशांत जेमतेम एक कप कॉफी येते. परंतु जी वस्तू नको म्हणून मी चार वेळा स्वच्छ मराठीत सांगितले, तिचेच पैसे मोजावे लागावेत आणि मोजत असताना माझ्या सख्ख्या आईने मंडपवाल्याचे हात जोडून आभार मानावेत, हे काही केल्या पचत नाही.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगते. माझे माहेर बेळगावात, शहापूर भागात, आणि घराणे तीन पिढ्या मराठी ख्रिस्ती. सासर बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्या यहुद्यांना शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून गाव ‘शनवार तेली’ म्हणत असे, त्यांच्यापैकी. सासरे तरुणपणी इस्राएलला गेले आणि तिथलेच झाले. येशू हाच इस्राएलाला वचन दिलेला मसीहा आहे अशी माझी आणि नवऱ्याची दोघांचीही श्रद्धा असल्यामुळे आम्ही शब्बाथ पाळतो, वल्हांडण पाळतो आणि मंडपांचा सणही पाळतो. यंदा आईच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया आणि मुलांची सणाची सुट्टी एकाच वेळी आल्यामुळे हा सण बेळगावात, माहेरच्या परड्यात साजरा करावा असे ठरले.

घोटाळ्याचे मूळ ‘मंडप’ या शब्दात आहे. मिसर देशातून सुटलेले लोक रानात ज्या झोपड्यांत राहिले, त्यांची आठवण म्हणून सात दिवस तशाच झोपडीत राहावे, असे लेवीय पुस्तकाच्या २३व्या अध्यायात सांगितले आहे. हिब्रूत त्या झोपडीला सुक्का म्हणतात. मराठी पवित्र शास्त्रात तिचा मंडप झाला, हिंदीत सरळ झोपडी झाली, आणि कन्नडमध्ये पर्णशाला. सीमाभागातल्या मराठी मुलीने हे चारचौघांत कबूल करणे अवघड आहे, पण या एका ठिकाणी कन्नड शब्द अधिक नेमका आहे. मी जर फोनवर ‘पर्णशाला बांधून हवी’ असे म्हटले असते, तर कदाचित एखादा बुरूड आला असता आणि दोन तासांत काम उरकून गेला असता. मी ‘मंडप’ म्हटले, म्हणून मंडपवाले मामा आले.

मामांच्या कानावर पेन्सिल होती आणि हातात छापील वही होती. त्यांनी परड्यात उभे राहून आकाशाकडे, फणसाकडे आणि माझ्या नवऱ्याकडे याच क्रमाने पाहिले.

“किती माणसं?”

“घरचीच. सहा.”

“सहा माणसांना मंडप?” त्यांनी वही मिटली व पुन्हा उघडली. “बरं. आनंदाचं का दुःखाचं?”

मला प्रश्न कळला नाही. त्यावर त्यांनी अतिशय सौम्यपणे, परदेशातून आलेल्या माणसाला सांगावे तसे समजावले की दुःखाच्या कार्याला पांढरे कापड लागते आणि आनंदाच्या कार्याला रंगीत, आणि एकदा पांढरे कापड गल्लीत शिरले की लोक भेटायला येऊ लागतात, म्हणून आधीच विचारून घेतलेले बरे. मी आनंदाचे असे सांगितले. या सणात आनंद करावा अशी शास्त्राची आज्ञाच आहे, हेही सांगणार होते. पण त्यांनी तोवर ‘आनंद’ असे लिहून त्याखाली रेघ मारली होती.

“वर काय घालायचं? पत्रा का ताडपत्री?”

“झावळ्या. आणि त्यासुद्धा विरळ. आतून तारे दिसले पाहिजेत.”

“आणि पाऊस आला म्हणजे?”

“आत येऊ दे.”

मामांनी पेन्सिल कानावर परत ठेवली. परतीचा पाऊस बेळगावात कसा येतो हे ज्याने पाहिले आहे, त्याला त्या क्षणीचा त्यांचा चेहरा समजेल. “ताई,” ते म्हणाले, “तीस वर्षं मी ह्या धंद्यात हाय. मंडप गळला म्हणून लोकांनी शिव्या घातल्या, पैसे कापले, एका लग्नात तर नवरदेवाच्या मामानं गचांडी धरली. खरं, गळंल असा बांधा म्हणणारं गिऱ्हाईक आज पहिल्यांदा बघालोय.” मग थोडा वेळ गप्प राहून त्यांनी, खऱ्या कारागिराच्या कुतूहलाने, विचारले, “किती गळायला पाहिजे?”

इथे माझा नवरा पुढे सरसावला. त्याचे मराठी त्याच्या आजीकडून आलेले असल्यामुळे त्यात कोकणातली जुनी वळणे आहेत आणि बेळगावात ते कोणालाही धड कळत नाही, पण जावई म्हणून सगळे मान डोलावतात. त्याने नियम सांगितले. आत उन्हापेक्षा सावली जास्त पडली पाहिजे. छपराला जमिनीतून उगवलेली आणि जमिनीपासून तोडलेली वस्तूच हवी, पण ती खाण्याजोगी नको. झोपडीवर झाड येता कामा नये. भिंती दोन पुऱ्या आणि तिसरीचा थोडासा भाग एवढ्या असल्या तरी भागते.

“अडीच भिंती?” मामांनी वहीत पाहिले. “जावईबापू, वहीत अडीचचा दर न्हाई. तीनच लावतो. आणि मी म्हणतो, ह्या फणसाखालीच बांधूया की ओ, आयती सावली हाय.” फणसाखाली चालत नाही, हे त्याने पुन्हा सांगितले. “मग ऊस आणतो. आमच्या भागात उसाला काय तोटा?” ऊस खाण्याजोगा आहे, म्हणून चालत नाही, हेही सांगितले. उसाचे नाव निघताच मामांच्या डोक्यात एकदम उजेड पडला. “अगोदर सांगायचं न्हाई का! तुळशीचं लग्न! खरं, त्याला अजून महिना हाय.” मी नाही म्हटले. त्यांनी परड्याच्या कोपऱ्यात तुळस शोधली, ती सापडली नाही, आणि तेव्हापासून आमच्याविषयीचा त्यांचा गोंधळ करुणेत बदलला असावा. निघताना त्यांनी आपल्या हाताखालच्या पोराला हाक मारून सांगितले, “मोठी चांदणी जाईल एवढी भोकं ठेव. बारकी अडकली तरी चालतंय.” पुढे नवऱ्याने मला सांगितले की परंपरेचा नियमही जवळजवळ याच शब्दांत आहे.

मांडव छान झाला. ६ ऑक्टोबर २०२५ च्या संध्याकाळी सण लागला आणि तीच नेमकी कोजागिरी होती. आपल्यासारखीच यहुद्यांचीही कालगणना चंद्रावर चालते व अधिक महिना घालून सूर्याशी जुळवून घेते. हा सण तिश्री महिन्याच्या पंधराव्या दिवशी, म्हणजे पौर्णिमेच्या सुमारास, लागत असल्यामुळे अनेकदा तो आणि कोजागिरी एकत्र येतात. आईने झावळ्यांखाली आटीव दूध ठेवले, चंद्र त्यात अलगद उतरला, आणि नवऱ्याने भाकरीवर व द्राक्षरसावर आशीर्वाद म्हटला. शेजारच्या काकूंनी महाळुंग हातात घेऊन पाहिले, कारण या सणात तेही लागते, आणि “हे तर कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातातलं फळ” असे म्हणून ते भक्तिभावाने कपाळाला लावले. नवरा ख्रिस्ती घरचा जावई, यहुदी वंशाचा, मसीहाला मानणारा. त्याने काय बोलावे हे त्याला सुचले नाही, म्हणून तो काकूंना दूध आणायला गेला.

थोरल्याने दारावर हिब्रूत ‘ब्रुखिम हबाइम’, म्हणजे सुस्वागतम्, अशी रंगीत पट्टी लावली होती. दुसऱ्या दिवशी गल्लीतले दोन तरुण तिच्यासमोर बराच वेळ उभे राहिले. बेळगावात पाटी हा हलक्यावारी घेण्याचा विषय नाही. दुकानांच्या पाट्यांवर साठ टक्के कन्नड हवे असा कायदाच आहे, आणि मराठी अक्षर मोठे की लहान यावरून इथे वर्तमानपत्राचे पान भरते. “हे कन्नड न्हाई,” एक म्हणाला. “मराठी पण न्हाई,” दुसरा म्हणाला. कोणावर रागवावे हे दोघांनाही ठरवता येईना, आणि शेवटी ते खीर खाऊन गेले.

इथवर मला हसता येते. पण मांडवात आलेल्या प्रत्येकाने, दूध संपता संपता, तोच प्रश्न विचारला: “म्हणजे तुम्ही नक्की कोण?” मंडपवाल्याचे सोडा, त्याला निदान कापडाचा रंग ठरवायचा होता. इतरांना काय ठरवायचे असते? आईच्या चर्चमधल्या बायका म्हणतात की जुन्या कराराचे ओझे आता कशाला वाहता. सासरकडची माणसे मला अजून ‘मिशनची पोर’ म्हणतात. आणि हे त्या समाजाचे लोक म्हणतात, ज्यांना आपण पुरते यहुदी आहोत हे मान्य करून घेण्यासाठी १९६४ साली जेरुसलेममध्ये धरणे धरावे लागले होते. अशदोदला वरच्या मजल्यावरची शेजारीण तीन वर्षे आमच्या सुक्क्यासाठी दिव्यांच्या माळा देत असे. आम्ही कोणाच्या नावाने प्रार्थना करतो हे कळल्यापासून जिन्यात ती फक्त ‘शालोम’ म्हणते, आणि माळांविषयी काही बोलत नाही. येशूला मसीहा मानणारा यहुदी परतीच्या कायद्यापुरता, म्हणजे जगभरच्या यहुद्यांना इस्राएलचे नागरिकत्व देणाऱ्या कायद्यापुरता, दुसऱ्या धर्माचा ठरतो, असा निर्णय तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये दिला. नवरा तिथेच जन्मला म्हणून तो आम्हाला लागला नाही, तरी जेवायला आलेला पाहुणा तो निर्णय कोशिंबिरीबरोबर वाढून जातो. बेळगावच्या माणसाला ‘तुम्ही नक्की कोण, तिकडचे की इकडचे’ हे १९५६ पासून विचारले जात आहे. निदान इथे तरी तो प्रश्न विचारायचा लोकांना कंटाळा आला असेल, अशी माझी भाबडी समजूत होती.

चौथ्या रात्री पाऊस आला. मिश्नामध्ये, म्हणजे यहुदी नियमांच्या जुन्या संहितेत, याविषयी एक दृष्टांत आहे: सणात सुक्क्यावर पडणारा पाऊस म्हणजे दास धन्यासाठी पेला भरायला आला आणि धन्याने भांडेभर पाणी त्याच्या तोंडावर ओतले. अशा वेळी झोपडी सोडून घरात जाण्याची मुभा आहे, आणि त्या अपमानासाठी मी मनाची तयारी करून ठेवली होती. तेवढ्यात परड्यात पावलांचा, बांबूंचा आणि शिट्टीचा आवाज झाला. मामा आपल्या पोराला घेऊन भर पावसात धावत आले होते, आणि मी “नको, नको” म्हणत पोहोचेपर्यंत त्यांनी झावळ्यांवर निळी ताडपत्री ओढून चारी कोपरे बांधलेसुद्धा.

आत एक थेंब येत नव्हता. पण तारेही दिसत नव्हते, आणि उगवलेल्या झावळ्यांच्या जागी आता छप्पर ताडपत्रीचे झाले होते, म्हणजे ती सुक्का सुक्काच राहिली नव्हती. नवऱ्याने ताट उचलले आणि तो मुलांसह घरात गेला. मी त्याच्यामागे गेले. आम्ही सहा माणसे... नव्हे, पाचच, स्वयंपाकघरात पाटांवर बसून जेवलो, कारण आई आत आली नाही. ती, काकू, मामा आणि ते पोर मांडवात, अगदी कोरडे, चहा आणि भडंग खात बसले होते, आणि मामा अधूनमधून मोठ्याने हाका मारत होते, “जावईबापू, आत काय बसलायसा? इथं मस्त हाय की ओ!”

परवा त्यांनी बिल आणले. कार्यक्रमाच्या रकान्यात ‘आनंद’ लिहिलेले होते. खाली पहिल्या ओळीत ‘मंडप (गळका), १’ आणि दुसऱ्या ओळीत ‘ताडपत्री (गळू नये म्हणून), १’ असे होते. मी दोन्हीचे पैसे दिले. मामांकडे पन्नास रुपये सुटे नव्हते. तेही तसेच राहिले.