धुरकं म्हणजे मुंबईची छत्री? जरा थांबा

गेल्या मंगळवारी सकाळी पावणेसहाला आत्याचा फोन आला. धाप लागलेली, वाक्य पूर्ण होईना. वय ६८, जुना दमा, डॉक्टरांनी हिवाळ्यात पहाटे बाहेर पडायचं नाही म्हणून बजावलेलं, आणि ही टिळकनगरच्या मैदानाला फेऱ्या मारायला गेलेली, तेही मास्क न लावता. का गेलीस विचारलं तर म्हणे, "अगं ग्रुपवर आलंय ना, धुरकं चांगलं असतं म्हणून."

तो मेसेज नंतर मला आणखी दोन ग्रुपवर दिसला. त्यात चार गोष्टी आहेत: एक, धुरकं ही शहरावरची छत्री आहे, ऊन अडवते आणि मुंबई गार ठेवते; दोन, फिलिपिन्समधल्या पिनाटुबो ज्वालामुखीने अख्खी पृथ्वी थंड केली; तीन, धुरामुळेच थंडी पडते आणि पहाटेची गार हवा सगळ्यात शुद्ध असते; आणि चार, हवा साफ केली तर उकाडा वाढेल, म्हणून बांधकामांच्या धुळीवरचे निर्बंध काढा.

मी तिसऱ्यापासून सुरू करते, कारण आत्याला घराबाहेर काढलं ते त्याने. पूर्ण उलटं सांगितलंय. हिवाळ्यात रात्री आभाळ मोकळं असतं, जमीन झपाट्याने गार होते, तिला लागून असलेली हवाही गार आणि जड होते आणि तिच्यावर तुलनेने उबदार हवेचा थर बसतो. जड हवा वर चढत नाही, म्हणजे भांड्यावर झाकण. आमच्या गेटवर वॉचमन शेकोटी करतो, पहाटे पाचला गॅलरीतून बघा, धूर पहिल्या मजल्यापर्यंत सरळ जातो आणि मग चादर अंथरल्यासारखा आडवा पसरतो, वर जातच नाही. तीच शेकोटी कुणी दुपारी दोनला पेटवली तर धूर गच्चीच्या वर निघून जाईल. थंडी धुरामुळे नाही पडत, थंडीमुळे धूर अडकतो. रात्रभर ट्रक, बेकऱ्यांच्या लाकडाच्या भट्ट्या, जाळलेला कचरा, सगळ्यांचा धूर त्या झाकणाखाली साचत जातो आणि सूर्य उगवण्याच्या सुमाराला तो सगळ्यात दाट असतो. हवा गार लागते म्हणून शुद्ध असते हे कुणी ठरवलं? दम्याच्या माणसाला नेमक्या त्या वेळेला बाहेर पाठवणं हा गुन्हा आहे, मी शब्द जपून वापरतेय.

आता छत्री. सगळे कण सारखे नसतात. कोळसा किंवा इंधन तेल जळून निघणाऱ्या गंधकापासून बनणारे सल्फेटचे कण फिकट असतात, ते ऊन परत फेकतात. पण डिझेल, लाकूड, कचरा यांच्या काजळीचे कण काळे असतात, ते ऊन शोषून घेतात आणि आजूबाजूची हवा तापवतात. आमच्या खिडकीच्या जाळीवरून ओला फडका फिरवला तर जे निघतं ते काळं असतं. याचा पुरावा आपल्या दारातलाच आहे. वीरभद्रन रामनाथन या शास्त्रज्ञाच्या टीमने मार्च २००६ मध्ये मालदीवहून तीन मानवरहित विमानं एकावर एक अशी उडवली, धुरक्याच्या खाली, आत आणि वर, आणि एकाच वेळी मोजमापं घेतली. २००७ मध्ये ते 'नेचर'मध्ये छापून आलं: तपकिरी धुरक्यामुळे वातावरणाच्या खालच्या थराचं उन्हाने तापणं सुमारे ५० टक्क्यांनी वाढतं. म्हणजे जमिनीवर ऊन कमी पोचतं हे खरं, पण अडलेलं ऊन गायब होत नाही, ते वरच्या हवेत मुरतं. जमीन कमी तापली, वरची हवा जास्त तापली की ते झाकण आणखी घट्ट बसतं आणि दुपारीही धूर एरवीइतका वर जात नाही. छत्री डोक्यावर असते हो, ही तर आपण नाकाने आत ओढतोय.

पिनाटुबोचं उत्तर एवढंच की १९९१ साली त्याने दीड-दोन कोटी टन सल्फर डायऑक्साइड पार स्थितांबरात, म्हणजे ढगांच्याही वरच्या थरात, २० किलोमीटरच्याही वर फेकला होता. तिथे पाऊस नाही, म्हणून त्यापासून बनलेले, ऊन परत फेकणारे बारीक थेंब वर्ष-दोन वर्षं टिकले आणि पृथ्वी साधारण अर्धा अंश थंड झाली. आपलं धुरकं असतं जमिनीपासून दोन-तीन किलोमीटरच्या आत, आणि काही दिवसांत आपल्याच छपरांवर आणि छातीत उतरतं. तुलनाच होत नाही.

चौथ्यात अर्धं खरं आहे, मान्य करते, नाइलाजाने. जगभरचं बघितलं तर सगळे कण मिळून पृथ्वी थोडी थंडच ठेवतात, आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीच्या २०२१ च्या अहवालात ते आहे, आणि हवा साफ होते तशी लपलेली तापमानवाढ थोडी उघडी पडते. पण कार्बन डायऑक्साइड शेकडो वर्षं राहतो आणि हे कण काही दिवस, म्हणजे तो आडोसा टिकवायचा तर रोज नव्याने धूर सोडत राहायला लागेल, रोज कुणाच्या तरी फुफ्फुसात. आणि बांधकामाची जाड धूळ तर काही तासांत खाली बसते, ती कसलं ऊन अडवणार? तिचा या सगळ्याशी संबंध जोडणाऱ्याला निर्बंध नकोत, बाकी काही नाही.

आत्या आता दुपारी चार-साडेचारला जाते, झाकण उघडं असतं तेव्हा, मास्क लावून. सोसायटीच्या ग्रुपवर ज्यांनी तो मेसेज टाकलाय त्यांना मी पर्सनलवर लिहिलंय की काढा, अजून काढलेला नाही.