फ्रिक्शन आवळून हात हलका होत नाही, भाऊ

"चेतक हेलिकॉप्टरच्या हायड्रॉलिकवर आयुष्य काढलेल्या माणसानं आर-२२ या छोट्या हेलिकॉप्टरच्या जड स्टिकवर बोलू नये. फ्रिक्शन आवळलं की हात मोकळा होतो, त्यात गैर काय?" स्टिक जागेवर घट्ट धरणारं फ्रिक्शन आवळून उडू नका, या माझ्या लेखावरची ही तुमची प्रतिक्रिया काल पऱ्हाटीला डवरा देऊन आल्यावर वाचली. राग नाही आला. अर्धी गोष्ट तुमची बरोबरच आहे. लेखात मी सगळी शिकाऊ हेलिकॉप्टरं एकसारखी धरून, 'शिकाऊ हेलिकॉप्टर' असं सरसकट लिहून गेलो. रॉबिन्सन कंपनीच्या आर-४४ रेव्हनला हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबानं हाताचा भार उचलणारी यंत्रणा असते, त्यांच्याच आर-२२ ला ती नसतेच. पात्यांचा भार दांड्यांमधून थेट तळहातात येतो. ती चूक माझी, लेखात दुरुस्त केली.

पण फ्रिक्शन म्हणजे ब्रेक, बाप्पा! त्यानं भार कमी होत नाही, हाताला कळेनासा होतो फक्त. डवऱ्याच्या फाशीत धसकट अडकलं की रुमण्यावरच्या हाताला आधी समजतं. ते रुमणं दोरीनं करकचून बांधून कोणी डवरतं काय? हॉवरमध्ये, म्हणजे हवेत जागच्या जागी तरंगताना, आवळलेला सायक्लिक (हेलिकॉप्टर पुढं-मागं, डावं-उजवं नेणारी उजव्या हातातली स्टिक) आधी हलतच नाही, आणि सुटला की गरजेपेक्षा जास्त जातो. शिकणारा घाबरून उलटा दाबतो, अन् यंत्र पाळण्यासारखं झुलतं. कलेक्टिव्हचं, म्हणजे हेलिकॉप्टर वर-खाली नेणाऱ्या डाव्या हाताच्या दांड्याचं, तर याहून वाईट. आर-२२ चा रोटर, म्हणजे वरची फिरती पाती, हलका; इंजिनाविना त्याचे फेरे लगेच पडतात. इंजिन गेलं तर सेकंद-दीड सेकंदात कलेक्टिव्ह खाली जायलाच हवा. तेव्हा फ्रिक्शन सैल करत बसणार का?

क्रूझमध्ये, म्हणजे सरळ उडताना, स्टिक डावीकडे ओढत असेल तर उजव्या ट्रिमचा नॉब ती ओढ काढायलाच दिलाय. (श्वायझर ३०० या दुसऱ्या शिकाऊ हेलिकॉप्टरवर शिकलेल्यांना स्टिकवरच्या बटनानं ट्रिम करायची सवय असते, त्यांना हा नॉब आठवतच नाही.) हात मांडीवर टेकवा, बोटं सैल ठेवा. निम्मं जडपण मुठीतलं असतं. बोटांचे सांधे पांढरे पडेस्तोवर स्टिक आवळून आलेली पोरं मी हँगरमध्ये पाहिली आहेत.

कलेक्टिव्ह आपोआप वर किंवा खाली सरकत असेल तर ते काम तुमचं नाही. इंजिनिअरला सांगा, दोन्ही पात्यांच्या मागच्या कडेचे टॅब (छोट्या पातळ पट्ट्या) सारखे वाकवून तो ते जुळवतो. आणि कालपर्यंत बरी असलेली स्टिक आज अचानक जड किंवा खरखरीत लागली, तर उडूच नका.

वीस मिनिटांत खांदा भरून येतो म्हणता, तो हॉवरमध्ये की सरळ उडताना? आणि तेव्हा ट्रिम लावला होता का? एवढं कळवा, मग पुढचं बोलू.