उखळ पांढरं होईपर्यंत

मिक्सरचं भांडं तिसऱ्यांदा गळायला लागलं, तेव्हा मी घरात जाहीर केलं की यापुढे ठेचा खलबत्त्यातच होणार. कुणी मान वर केली नाही. मग इरेला पेटून सासवड रस्त्याला एका मावशींकडून काळ्या दगडाचा खलबत्ता घेतला. हातात घेतला तेव्हा खांदे वीतभर खाली आले.

"दादा, आधी तांदूळ वाटा. पांढरं पीठ निघंपर्यंत वाटा. आन् साबण लावू नका," मावशी म्हणाल्या. पहिली दोन वाक्यं मी ऐकली. तिसऱ्याच्या वेळी यूपीआयचा पिन टाकत होतो.

रात्री जेवणं उरकल्यावर फरशीवर जुना टॉवेल अंथरून बसलो. मूठभर तांदूळ घेतले, दहा मिनिटं कुटले. पीठ निघालं ते थेट सिमेंटच्या रंगाचं. दुसरी मूठ राखाडी. तिसरी आषाढातल्या आभाळासारखी. टाकीचे घाव ताजे असले की दगडाची भुकटी निघत राहते. ती नीट काढली नाही तर ठेच्यात कचकच लागते. सह्याद्रीचा हा दगड म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजलेला लाव्हा. त्याला कसली घाई? मला सकाळी नऊला ऑफिस होतं.

उखळ पांढरं होणे म्हणजे भरभराट होणे, असं शाळेत वाक्यात उपयोग करून दाखवलं होतं. त्याला तांदूळ किती लागतात, हे मात्र बाईंनी सांगितलं नव्हतं.

"तांदूळ कुठल्या डब्यातले घेतलेस?" बायकोने आतून विचारलं.

"पुढच्या."

"तो इंद्रायणी होता."

यानंतर थोडा वेळ फक्त बत्त्याचा आवाज येत होता.

अकराला बेल वाजली. खालच्या मजल्यावरचे काका. "रात्री सुतारकाम चालत नाही आपल्या सोसायटीत." मी बाजूला होऊन खलबत्ता दाखवला. काका चप्पल काढून आत आले आणि मांडी घालून बसले. त्यांच्या आजोळी पाट्याला टाकी लावून द्यायला बायका दारावर यायच्या, तिथपासून सुरुवात झाली. "अहो, आपटताय काय? मसाला कुटायचा, तांदूळ घोटायचा. बत्ता दाबून गोल फिरवा. आणा इकडे." पुढची अर्धी रात्र तेच घोटत होते. अधूनमधून "दणका द्यावाच लागतो" म्हणून दणकाही देत होते. शेवटी काकूंनी खालून फोन केला, "वर कोण ठोकतंय, बघून या म्हटलं होतं ना!"

सातव्या मुठीला पीठ पांढरं निघालं. मग लसूण, जिरं, खडेमीठ वाटून फेकून दिलं. आणि एवढं सगळं झाल्यावर, केवळ आनंदाच्या भरात, मी तो लिंबाच्या वासाच्या साबणाने खसाखसा घासला.

दुसऱ्या दिवशीचा ठेचा दिसायला फक्कड होता. हिरवी मिरची, लसूण, जाडसर दाणे. पहिला घास लेकीने घेतला.

"बाबा, ह्याला भांड्यांचा वास येतोय."

आईला फोन लावला. "अरे, दगड साबण पितो," ती म्हणाली. "गरम पाणी आणि नारळाची शेंडी, बस्स. मग ऊन. ओला झाकून ठेवलास तर कुबट वास मारेल. चिंच-मीठ पितळीला, तेलाचा हात लोखंडीला. दगडाला ह्यातलं काही नको. पुन्हा तांदूळ वाट."

"आपल्याकडे तो पितळी होता ना गं? आजीचा?"

"होता की. तुला पहिला पगार झाला, मिक्सर घेऊन आलास आणि 'आता कोण कुटत बसतंय' म्हणून तूच मोडीत दिलास."

मी फोन ठेवला आणि तांदळाचा डबा काढला. ह्या वेळी आधी वास घेतला.