फुकट कॉलवाला मोबाइल कुणाकडंच नाही

सोलापुरात परत तेच चालू झालंय. नव्या पेठेत कुणीतरी मोबाइल उघडून आत कायतरी बसवून देतो म्हणे, एकदा पैसे मोजले की जन्मभर रिचार्ज नको, सगळे कॉल फुकट. कुणी दुसऱ्यानं सांगितलं म्हणून हा सांगतो, स्वतः बघितलेला माणूस काय भेटत नाही.

अहो, पैशाचा हिशोब मोबाइलमध्ये होतच नाही ना! घरातल्या लाइटच्या मीटरमध्ये लोक गडबड करतात तसं इथं करता येत नाही, कारण इथलं मीटर कंपनीकडं आहे. सिममध्ये एक गुप्त किल्ली असते, तिची जोडी कंपनीच्या सर्व्हरवर, ती जुळली तरच नेटवर्क तुम्हाला आत घेतं आणि पॅक संपलाय का, बॅलन्स किती हे पण तिकडंच बघितलं जातं, मग हँडसेटमध्ये काहीही बसवा, तिकडचं खातं कसं बदलेल?

अमेरिकेत पूर्वी असं व्हायचं हे खरं आहे. तिथल्या जुन्या अ‍ॅनालॉग फोनचा नंबर आणि सिरियल नंबर हवेतनं उघडाच जायचा, चोर तो पकडून दुसऱ्या फोनमध्ये टाकायचे. पण तेव्हा पण कॉल फुकट नव्हता, बिल दुसऱ्या कुणाच्या तरी घरी जायचं! आपल्याकडं १९९५ला मोबाइल आला तोच जीएसएम, म्हणजे डिजिटल, सिममधल्या त्या किल्लीवर चालणारा.

मला राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. असला 'स्पेशल' मोबाइल म्हणून चोरीचा, आयएमईआय म्हणजे हँडसेटचा स्वतःचा ओळख नंबर बदललेला हँडसेट गळ्यात मारायला कितीसा वेळ लागतो? आणि आयएमईआयमध्ये छेडछाड केली तर २०२३च्या टेलिकॉम कायद्यात ३ वर्षांपर्यंत जेल, ५० लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. जुना मोबाइल घेताना *#०६# दाबा, जो नंबर दिसेल तो केवायएम लिहून, मध्ये जागा सोडून, १४४२२ला एसएमएस करा, कंपनी मॉडेल सगळं कळतं. केवायएम इंग्रजी अक्षरांत टाका.

लोक फसतात कारण रिचार्ज परवडत नाही, ही खरी गोष्ट आहे. विड्या वळणाऱ्या मावशीला, यंत्रमागावरच्या मामाला नेट कशाला पाहिजे, पुण्याला असलेल्या पोराचा फोन आला म्हणजे झालं, तरी डेटाचे पैसे भरायचे. टेलिकॉम कंपन्यांवर नियम लावणाऱ्या सरकारी ट्रायनं डिसेंबर २०२४ मध्ये कंपन्यांना फक्त कॉल आणि एसएमएसचे पॅक द्यायला लावलेत. घरातल्या म्हाताऱ्या माणसांसाठी रिचार्ज करताना तो पॅक नाव घेऊन मागा, दुकानदार आपणहून दाखवेलच असं नाही.